बँड विकला गेला म्हणजे काय विकले गेले?

रॉक संगीताच्या जगात एक दूषण गेली साठ वर्षे चालत आले आहे. एखादा बँड लहानशा जागेत, ओळखीच्या शंभर-दोनशे माणसांपुढे वाजवीत असतो; तोवर तो 'आपला' असतो. पुढे मोठी रेकॉर्ड कंपनी त्याच्याशी करार करते, त्याची गाणी रेडिओवर लागू लागतात, ज्यांना कालपर्यंत त्याचे नावही ठाऊक नव्हते ती माणसे त्याच्या चाली गुणगुणू लागतात, आणि पहिल्या शंभर-दोनशेंतला कोणी तरी म्हणतो, "हे विकले गेले!" बॉब डिलनने जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेवरची गिटार हाती घेतली तेव्हा काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरच्या सभागृहात एकाने त्याला उद्देशून 'जूडास' अशी आरोळी ठोकली. जूडास म्हणजे तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा शिष्य. एका गिटारीवरून माणसाला केवढी जड शिवी दिली गेली पहा.

मी संगीतातला जाणकार नव्हे. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. माझा धंदा करारपत्रे वाचण्याचा. ही गाणी मी ऐकली ती आमच्या युनियनच्या कचेरीत बसणाऱ्या तरुण मंडळींमुळे. त्यांचे या बँडवरून वाद चालतात आणि 'विकला गेला' हा शब्द आला की माझे कान टवकारतात, कारण आमच्या धंद्यात तो रोजचा आहे. मालकाशी करार झाला की दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर कोणी तरी म्हणणारच, पुढारी विकला गेला. त्यावर आमच्याकडे एकच उतारा आहे. कराराची प्रत फळ्यावर लावायची. बाबांनो, वाचा, काय मिळवले, काय सोडले आणि कोणाच्या संमतीने सोडले, ते कलमावर बोट ठेवून सांगा.

बँडच्या बाबतीतही माझे म्हणणे तेवढेच आहे. चाल गोड झाली की नाही, केस कापले की नाही, हे मागाहून पाहू. आधी करार काढा.

कारण विकणे हा स्वतः काही गुन्हा नव्हे. ज्याच्याजवळ जमीन नाही, भांडवल नाही, तो काही तरी विकूनच जगतो. मुंबईत गिरण्या चालत होत्या तेव्हा साचेवाला आपले आठ तास विकत होता. त्याला कोणी गद्दार म्हटले नाही. गद्दार ठरला तो, ज्याने 'नाही' म्हणण्याचा हक्क विकला. श्रम विकणे निराळे आणि शब्द विकणे निराळे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही हाच भेद लावला पाहिजे.

आता हा करार असतो कसा, ते सांगतो. कंपनी बँडला आरंभी एक रक्कम देते. इंग्रजीत तिला ॲडव्हान्स म्हणतात. वर्तमानपत्रात बातमी येते की अमक्यांना इतके लाख डॉलर मिळाले, आणि चाहता समजतो की पोरे गबर झाली. आपल्याकडे या रकमेला फार नेमका शब्द आहे: उचल. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे, ज्याला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेते. मग टनामागे जी मजुरी पडते तिच्यातून ती उचल वळती होत जाते. हंगाम संपताना हिशेबाला बसावे तो बाकी निघते, आणि ती पुढच्या हंगामावर चढते. रेकॉर्ड कंपनीची उचल अशीच वळती होते. प्रत्येक प्रतीमागे बँडला रॉयल्टी ठरलेली असते. पण स्टुडिओचे भाडे, निर्मात्याचा हिस्सा, प्रसिद्धीचा बराचसा खर्च हे सारे त्या रॉयल्टीतून आधी कापून घ्यायचे, आणि उरले तर हातावर ठेवायचे. एक फरक मात्र सांगितलाच पाहिजे. तबकडी खपली नाही तर बँडच्या दारी सहसा कोणी वसुलीला येत नाही. ऊसतोड्याच्या दारी येतात. उलट बाजूने पाहिले तर सर्वसाधारण करारात उचल पुरती फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रण कंपनीच्याच मालकीचे राहते. म्हणजे घराचे कर्ज फेडावे आणि घर सावकाराच्या नावावर राहावे, असा हा मामला.

स्टीव्ह अल्बिनी नावाचा शिकागोचा ध्वनिमुद्रक होता. २०२४ साली तो वारला. त्याने १९९३ मध्ये 'द बॅफलर' या नियतकालिकात एक लेख लिहून हा हिशेब आकड्यांनी मांडला. लेखातला बँड काल्पनिक, पण कलमे बाजारात चालणारी. चौघांचा बँड, उचल अडीच लाख डॉलर, अल्बम अडीच लाख प्रती खपला, म्हणजे चांगलाच खपला. रॉयल्टी १३ टक्के. पण ती पूर्ण किमतीवर नव्हे, किमतीच्या ९० टक्क्यांवर. हे ९० टक्के कुठून आले? जुन्या लाखेच्या तबकड्या वाहतुकीत फुटत, म्हणून दहा टक्के फुटीखाती वजा करण्याची चाल पडली होती. पुढे न फुटणाऱ्या तबकड्या आल्या, कॅसेटी आल्या, तरी कपात चालूच राहिली! कारखान्यात असे भत्ते आणि अशा कपाती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कारण मरते, कपात जगते. असो. तर रॉयल्टी झाली ३ लाख ५१ हजार. तिच्यातून उचल गेली, निर्मात्याचे चाळीस हजार गेले, प्रसिद्धीचे पंचवीस हजार गेले, जुन्या लहान कंपनीतून बँडला सोडवून आणण्याचे पन्नास हजार गेले. बाकी उणे १४ हजार. अल्बिनीच्या हिशेबात रेकॉर्ड कंपनीला ७ लाख १० हजार डॉलर सुटतात आणि वादकाला माणशी चार हजारांच्या थोडे वर. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात काउंटरवर उभे राहून जे मिळाले असते, त्याच्या हे तिसरा हिस्सा, असे तो सांगतो. आता ज्याला माणशी चार हजार मिळाले आणि वर चौदा हजारांची बाकी अंगावर आली, तो 'विकला गेला' असे म्हणताना आपण जरा थांबले पाहिजे. तो विकला गेला खरा. पण किंमत दुसऱ्याने घेतली.

एवढ्याने प्रश्न सुटत नाही, हे मी जाणतो. कोणी म्हणेल, फसलेल्याची कीव करा, पण ज्यांनी समाजाला हलवायची भाषा केली त्यांनी त्या दारात जावेच कशाला? हा आक्षेप वजनदार आहे, आणि तो ज्यांच्यावर सर्वांत जोराने घेतला गेला तो बँड म्हणजे लंडनचा द क्लॅश.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात बेकारी वाढत होती, आणि पंक नावाचे एक खडबडीत, रागीट संगीत तरुणांत पसरले होते. स्वतःच वाजवा, स्वतःच छापा, कोणाच्या दारी जाऊ नका, हा त्याचा बाणा. त्यातल्या अग्रगण्य अशा क्लॅशने जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला. पंकवाल्यांच्या 'स्निफिन ग्लू' या हस्तलिखितवजा पत्रिकेचा संपादक मार्क पेरी म्हणाला की त्या दिवशीच पंक मेले. बोलणे झणझणीत खरे. पण पुढे काय झाले ते पहा.

त्याच वर्षी कंपनीने बँडला न विचारता 'रिमोट कंट्रोल' हे गाणे वेगळी तबकडी म्हणून बाजारात आणले. आपल्या कलाकृतीवर आपलीच सत्ता राहील, असे बँड समजून चालला होता. कागदाने त्यांना जागे केले. त्यांनी काय करावे? सप्टेंबर १९७७ मध्ये 'कम्प्लीट कंट्रोल' नावाचे गाणे काढले, त्यात कंपनीची ही करणी उघड्यावर मांडली, आणि ती तबकडी त्याच कंपनीकडून छापून घेऊन विकायला लावली! मालकाच्याच छापखान्यात मालकाविरुद्धचे पत्रक छापून घेण्यासारखी ही गोष्ट. मला यात मोठी गंमत वाटते. पण गमतीपलीकडे पाहिले तर हेही दिसते की कंपनीने ते गाणे मुकाट छापले. कारण ते खपणार होते. भांडवलाला आपली निंदासुद्धा विकता येते, हा धडा तेथे आहे. त्या गाण्याने कराराचे एक कलमही बदलले नाही.

म्हणून मला गाण्यापेक्षा त्यानंतरच्या किमतीच्या भांडणाचे महत्त्व अधिक वाटते. डिसेंबर १९७९ मध्ये 'लंडन कॉलिंग' आला. बँडला दोन तबकड्यांचा अल्बम हवा होता आणि तो एकाच्या किमतीत द्यायचा होता. कंपनी तयार नव्हती. मग बँडने म्हटले, बरे, मुख्य तबकडीबरोबर एक छोटीशी फुकट द्या. कंपनीने मान डोलावली. ती छोटी वाढता वाढता पुरी दुसरी तबकडी झाली, आणि दोन तबकड्या एकाच्या किमतीत गिऱ्हाइकाच्या हाती पडल्या. वर्षभराने 'सँडिनिस्टा!' निघाला: तीन तबकड्या, छत्तीस गाणी. तोही स्वस्तात द्यायचा म्हणून बँडने ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरची आपली रॉयल्टी सोडून दिली. छत्तीसच्या छत्तीस गाणी सोडून देण्याजोगी नाहीत असे काही मला म्हणता येणार नाही. निम्म्यावर काट मारली असती तर बरे झाले असते. पण किमतीचा निर्णय कोणी घेतला आणि भुर्दंड कोणी सोसला, हे त्या कागदावर स्पष्ट आहे. ज्याला विकले गेलेला म्हणायचे, तो स्वतःच्या खिशातून गिऱ्हाइकाला सूट देतो, ही विक्री काही निराळीच म्हटली पाहिजे.

पण म्हणून क्लॅशवाले शेवटपर्यंत निर्लेप राहिले असेही नाही. १९८२ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर 'द हू' या बड्या बँडच्या आधी ते वाजवीत होते. त्यानंतर वर्षभरात गिटारवादक मिक जोन्सला बाहेर काढले गेले, आणि १९८६ पर्यंत बँड संपला. बँड मेल्यावर पाच वर्षांनी, १९९१ मध्ये, लेव्हायस कंपनीने जीनच्या जाहिरातीत त्यांचे एक जुने गाणे वापरले. तेव्हा ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. उभ्या हयातीत क्लॅशला तेथे पहिला क्रमांक मिळाला नव्हता. तो पँटीने मिळवून दिला.

आता जे त्या दारात गेलेच नाहीत, त्यांच्याकडे वळू. वॉशिंग्टन शहरात इयन मकाय आणि जेफ नेल्सन या दोघांनी १९८० मध्ये डिस्कॉर्ड नावाची स्वतःची लहान कंपनी काढली. ती बँडांशी लेखी करार करीत नाही; शब्दावर चालते. मकायचा पुढचा बँड फुगाझी. त्याने वर्षानुवर्षे तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवले, लहान मुलांनाही आत घ्यायचे अशी अट घातली आणि आपल्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाकारले. हे केवळ बाणेदारपणाने साधत नाही. पाच डॉलरच्या तिकिटात दौरा काढायचा तर मोठा लवाजमा नको, महागडी रोषणाई नको, मधला दलाल नको. थोडक्यात, जो आपला खर्च स्वतः ठरवतो त्यालाच आपली किंमत ठरवता येते. याला मी सहकारी पद्धतीचा मार्ग म्हणेन, जरी त्यांनी तसे नाव दिलेले नाही. या मार्गाचा मला आदर आहे. परंतु आपापल्या पाच एकरांत उत्तम सेंद्रिय शेती करणाऱ्याने बाजारभाव बदलत नाही, हेही आम्हा चळवळीतल्या लोकांना सांगावे लागते.

कॅलिफोर्नियात बर्कली येथे ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर स्वयंसेवकांनी चालवलेली एक जागा आहे. तिचा नियम असा की बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडने येथे वाजवायचे नाही. ग्रीन डे हा बँड याच जागेत वाढला. १९९३ मध्ये त्याने रिप्राईज या बड्या कंपनीशी करार केला, १९९४ च्या आरंभी त्याचा 'डूकी' अल्बम निघून लक्षावधींनी खपला, आणि गिलमनचे दार त्याला बंद झाले. आमच्या तरुणांना हा कोतेपणा वाटतो. मला वाटत नाही. सभासदांनी मिळून केलेला नियम आधीपासून भिंतीवर होता. तो नावडत्याला लावला तसा लाडक्यालाही लावला. संघटना म्हणतात ती हीच. २०१५ मध्ये ग्रीन डे तेथे एका मदतीच्या कार्यक्रमासाठी पुन्हा वाजवून आला, ही त्याच सभासदांच्या मनाचा मोठेपणा सांगणारी गोष्ट.

याउलट, नुसत्या चाहत्याचा राग निराळ्या जातीचा असतो. सिॲटलच्या बाजूचा निर्वाणा हा बँड पहा. त्याचा पहिला अल्बम १९८९ मध्ये लहान कंपनीकडून निघाला. ध्वनिमुद्रणाला ६०६ डॉलर लागले होते. दुसरा, 'नेव्हरमाईंड', सप्टेंबर १९९१ मध्ये मोठ्या कंपनीकडून आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनला अमेरिकेतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवले. मग जुने चाहते रुसले. त्यांचे गेले काय होते? गाणी होती तीच होती. गेली ती त्यांची एकट्याची मालकी. आपल्या गल्लीतला मुलगा तालुक्याचा झाला, आता तो आपल्याला ओळख देईल का, ही ती कळ. ती खोटी नाही. पण तिच्यावरून कोणावर गद्दारीचा खटला भरता येत नाही.

तिसऱ्या अल्बमसाठी निर्वाणाने बोलावले ते वर सांगितलेल्या अल्बिनीलाच. आणि येथे एक फार सुंदर गोष्ट घडली. निर्मात्याने दर प्रतीमागे हिस्सा घ्यायचा ही रीत. त्या हिशेबाने त्याला रग्गड पैसा मिळाला असता. त्याने तो नाकारला. नळ दुरुस्त करणारा कारागीर जसे कामाचे पैसे घेतो तसे मला द्या, असे त्याने बँडला पत्राने कळवले. आणि एक लाख डॉलर ठोक घेऊन तो मोकळा झाला. त्याचे म्हणणे, गाणी बँडची आहेत, त्यांचा वाटा मी जन्मभर का खावा?

हे वाचताना मराठी माणसाला आपल्याकडचा एक वाद आठवल्यावाचून राहणार नाही. साठीच्या दशकात लता मंगेशकरांनी मागणी केली की चित्रपटगीतांची रॉयल्टी गायकांनाही मिळाली पाहिजे. मोहम्मद रफींचे मत उलटे: गाण्याचे ठरलेले पैसे हातात पडले की आपला हक्क संपला. त्यावरून दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. रफींचे मन अल्बिनीसारखे निर्मळ, यात शंका नाही. तरीही युनियनचा माणूस म्हणून माझे मत लताबाईंच्या बाजूला पडते. कारण अल्बिनी ठोक रक्कम घेऊन हिस्सा सोडत होता तो वादकांसाठी. गायकाने सोडलेला हिस्सा कंपनीच्या तिजोरीत जात होता. त्याग कोणाच्या पदरात पडतो हे पाहिल्याशिवाय त्यागाची किंमत करू नये. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळालाच पाहिजे, तो लिहून घेऊनही काढून घेता येणार नाही, असे आपल्या कायद्यात यायला २०१२ साल उजाडावे लागले.

आता शेवटचे उदाहरण, आणि मला सर्वांत जवळचे. पर्ल जॅम हाही सिॲटलचाच बँड, पहिल्यापासून बड्या कंपनीशी बांधलेला. १९९३ च्या ऑक्टोबरात त्याचा दुसरा अल्बम पहिल्या पाचच दिवसांत साडेनऊ लाखांच्या आसपास खपला. म्हणजे चाहत्यांच्या भाषेत पुरता विकला गेलेला. या बँडने ठरवले की आपले तिकीट १८ डॉलर राहील आणि तिकीट विकणाऱ्या कंपनीने त्यावर १ डॉलर ८० सेंटपेक्षा जास्त आकार लावू नये. तिकीटविक्री होती टिकेटमास्टर या कंपनीच्या मुठीत. मोठमोठ्या सभागृहांशी तिचे असे करार होते की दुसऱ्या कोणी तेथे तिकीट विकायचेच नाही. ती ऐकेना. बँडने न्याय खात्याकडे मक्तेदारीची तक्रार गुदरली, १९९४ चा उन्हाळ्याचा दौरा रद्द केला, आणि ३० जून १९९४ रोजी जेफ अमेंट आणि स्टोन गॉसर्ड हे दोन वादक प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्षीला उभे राहिले.

लहान बँडला हे साधले असते का? फुगाझीला कोणी उपसमितीपुढे बोलावले नसते. यशाने जे बळ येते त्याचा असाही उपयोग करता येतो. पण दुसरी बाजू तितकीच खरी. काही बड्या बँडांचे व्यवस्थापक साक्ष द्यायला आले. पर्ल जॅमबरोबर आपला दौरा थांबवायला मात्र कोणी मोठा बँड पुढे आला नाही. याच अमेरिकेत १९४२ मध्ये जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. तो दोन वर्षांवर चालला आणि शेवटी कंपन्यांना वादकांच्या निधीत पैसे भरावे लागले. पन्नास वर्षांनी एकच बँड संपावर गेला, आणि एकट्याच्या संपाचे जे होते ते झाले. १९९५ च्या दौऱ्यासाठी टिकेटमास्टरशी न बांधलेली आडबाजूची मैदाने शोधता शोधता तो दमला. जुलै १९९५ मध्ये न्याय खात्याने चौकशी गुंडाळली. १९९८ मध्ये पर्ल जॅमची तिकिटे पुन्हा टिकेटमास्टरमार्फत विकली जाऊ लागली.

तेव्हाही काही चाहते म्हणाले, विकले गेले. मी त्या १९९८ च्या दौऱ्याला गेटवरच्या तडजोडीसारखा समजतो: माणसे थकली, साथ आली नाही, कामावर परतली. २०१० मध्ये टिकेटमास्टर आणि लाइव्ह नेशन या कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीचे एकत्रीकरण झाले. तिकीट, जागा आणि दौरा एका हातात आले. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अनेक राज्यांना बरोबर घेऊन या जोडकंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला. सभागृहांना बांधून ठेवणारे ते करार, ज्यांच्याबद्दल दोन वादक तीस वर्षांपूर्वी सांगून आले होते, त्या दाव्यातल्या मुख्य आरोपांत आहेत.